बऱ्या झालेल्यांचा सत्कार

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. स्टाफरूममध्ये मी बोलायला लागले की बाकीचे चहाच्या कपात तोंड घालतात. पण शेषेराव सरांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. आमचे मुख्याध्यापक, देवमाणूस. शिपायाची आई दवाखान्यात होती तेव्हा स्वतः डबा घेऊन जाणारे. त्यांना खोड एकच, सत्काराची. दहावीत पहिला आला, सत्कार. सरपंचांची सून तलाठी झाली, सत्कार. शाळेच्या बोअरला पाणी लागलं तर बोअरवाल्यालासुद्धा शाल, श्रीफळ आणि फेटा.

आमची शाळा अहमदपूर तालुक्यातली. दोन वर्षांपूर्वी लातूरला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. उदास, घाबरलेली लेकरं वेळेवर ओळखायची, त्यांच्याशी शाळेतच बोलायचं, आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून मला धाडलं. तेव्हापासून बुधवारी शेवटच्या तासाला मी, सरांना नावं कळवून, पाच लेकरांना घेऊन प्रयोगशाळेत बसते. म्हणजे बसत होते. नियम एकच होता, की इथलं बोलणं दाराबाहेर जाणार नाही. तो मीच पहिल्या दिवशी सांगितला होता.

त्या पाचांत राजकन्या. नववीतली. घरी काही कमी नाही; बापाचं पाण्याखालचं रान, दोन म्हशी, लग्नाला आलेली थोरली बहीण. हिचं पोट रोज दुखायचं. प्रार्थनेला दुखायचं, आणि घरी पाठवलं की वाटेतच राहायचं. नाटकं करते म्हणून गणिताच्या सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. डॉक्टरनं सोनोग्राफी केली, आजीनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, कशातच काही निघालं नाही. मी तिला बुधवारी बोलावलं. ती यायची, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची, आणि तास संपला की स्टूल जागेवर सरकवून जायची. बोलायची नाही. मीही खोदून विचारलं नाही. बाकीची चौघं बोलायची, ती ऐकायची.

मग एक दिवस सगळे गेल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, सकाळी डोळे उघडले की वाटतं, आजचा दिवस माझ्या जागी दुसऱ्या कुणी काढावा.”

मी तिला पुन्हा आत बसवलं.

त्यानंतर ती बोलायला लागली. तिची आई सुमनबाई समजदार. तिनं पोरीला लातूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं आणि गावात सांगितलं की पोटासाठी नेतेय. नवऱ्यालाही तेच सांगितलं. मी म्हटलं, जाऊ द्या, पोट तर पोट. पोरगी गोळ्या घेतेय ना. दिवाळी झाली, संक्रांत झाली. पोटाचं रडगाणं कमी झालं. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींच्या घोळक्यात डबा खाताना दिसायची. एकदा तर माझ्या चष्म्याची दोरी तुटली तेव्हा तोंडावर हात धरून हसली. कुणी मला हसलं म्हणून इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

फेब्रुवारीत मला परत लातूरला बोलावलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरले आणि समोरच्या लिंबाच्या झाडाला बॅनर बांधलेलं दिसलं.

‘नैराश्यावर मात करणाऱ्या आमच्या गुणवंत विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन.’ वर पुढाऱ्यांचे मोठे मोठे फोटो. खाली पाच गोल. माझी पाचही लेकरं, ओळखपत्रावरच्या फोटोंसकट, नावासकट. मधोमध राजकन्या, दोन वेण्या, डोळे कॅमेऱ्याला बिचकलेले. खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या अर्ध्या पुरुषांची नावं.

मी तशीच पिशवी घेऊन शाळेत गेले. सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले, चेहरा नुसता फुललेला.

“उज्वलाताई, काल तुम्ही पाहिजे होता. विस्तार अधिकारी आले होते. काय सुंदर कार्यक्रम झाला.”

“सर, कुणाला विचारून केलंत?”

“चांगल्या कामाला काय विचारायचं? लेकरांनी एवढं दुःख जिंकलं, त्यांची पाठ नको थोपटायला? पहिल्या नंबरवाल्यांचेच किती दिवस करायचे?”

कार्यक्रमात काय झालं ते मला शिपायाकडून कळलं. सरांनी राजकन्येला फेटा बांधला, हातात माईक दिला आणि म्हणाले, सांग बाळ, आधी तुला काय व्हायचं. ती माईक धरून उभी राहिली. मग सरांनीच कौतुकानं सांगितलं, ही आपली लेक रोज रडत शाळेत यायची, हिच्या मनाचा आजार होता, आज बघा कशी ताठ उभी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे ऐकलं आणि सरांच्या खोलीत जाऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सर शेवटी हळूच म्हणाले, “पण ताई, मी तिचा अपमान कुठं केला? फेटा बांधला मी तिला.” त्यांना खरंच कळत नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

दुपारपर्यंत दहावीच्या पोरांनी तिचं नाव पाडलं, डिप्रेशन. ए डिप्रेशन, बाजूला सरक. ए डिप्रेशन, हसून दाखव. संध्याकाळी सरांनी स्वतः स्टुलावर चढून ते बॅनर सोडवलं. पण फोटो तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील व्यंकटी आले. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. आवाज जमिनीला लागलेला.

“मॅडम, माझ्या लेकीचं पोट दुखायलंय म्हणून सांगितलं होतं मला. पोटाचं बोर्ड लावलं असतं तर मी सोता हार घेऊन आलो असतो.”

“दादा, चूक झाली. तिची नाही, शाळेची. तिला शाळेत येऊ द्या, आता तिला एकटं…”

“थोरलीची सोयरीक चालू होती. रेणापूरचे पाव्हणे. काल त्यांचा फोन आला, घरात अजून कुणाला हाय का असं, म्हणून इचारलं. मग म्हणले, बघू पुढच्या सालाला.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तुमच्यावर रोष न्हाई. दाखला द्या. मुखेडला मामाकडं ठेवतो. तितं कुणाला ठाव न्हाई.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या बंद. त्या गोळ्यांनीच तर बोभाटा झाला.”

सुमनबाई दाराबाहेर उभ्या होत्या. पदर तोंडाला लावलेला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पुढच्या बुधवारी प्रयोगशाळेत मी एकटीच बसून होते. त्याच्या पुढच्या बुधवारीही. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मुखेडची एसटी धरली.

मामाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. मामी शिल्पा, हसतमुख बाई, तिनं मला पाट दिला, चहा टाकला, आणि मी विचारायच्या आधीच भाचीचं कौतुक सुरू केलं.

“लई गुणाची पोरगी, मॅडम. आमच्या पोरींसारखी न्हाई. एक शबुद वर काढत न्हाई. आम्ही उठायच्या आधीच उठून बसलेली ऱ्हाती भिताडाला टेकून. खायचं म्हणाल तर अर्धी भाकर, त्याच्यावर मागत न्हाई. टीव्ही न्हाई, खेळ न्हाई, कुठं जाणं न्हाई. मी तर म्हणते, अशी सून मिळाली तर नशीब.”

लातूरला आम्हाला जी जी लक्षणं शिकवली होती, ती ही बाई एकेक करून गुण म्हणून सांगत होती, आणि तिच्या मायेत खोट काडीची नव्हती. आता हिला कोण ओळखणार? या घरात ती अशीच कौतुकात विझून गेली असती आणि लोक म्हणाले असते, किती शांत होती.

राजकन्या आतून आली. वाळली होती. हसली मात्र, अगदी व्यवस्थित हसली. “मी बरी आहे मॅडम.” मला स्टँडवर सोडते म्हणून निघाली. गल्ली संपल्यावर मी थांबले. आम्हाला शिकवलंय, आडून विचारायचं नाही, सरळ विचारायचं.

“राजकन्या, जीव द्यावासा वाटतो का गं?”

तिनं ओढणीचं टोक सरळ केलं.

“रोज न्हाई,” ती म्हणाली.

बाजार गच्च भरला होता, मिरच्यांची पोती, टोपल्या, माणसं. त्यात आम्ही दोघी उभ्या.

“इथल्या शाळेत प्रियदर्शनी मॅडम आहेत,” मी म्हटलं. “माझ्यासोबत लातूरला होत्या. त्यांना सांगते मी. त्या तुझ्याशी बोलतील, मामा-मामीशी बोलतील, डॉक्टरचं बघतील.”

तिचा चेहरा पांढरा पडला. “नका सांगू. हितं कुणाला म्हाईत न्हाई, मॅडम. हितं मी चांगली हाय. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ.”

“नाही घेत मी शपथ.”

“तुम्हीच म्हणला होता, दाराबाहेर जाणार न्हाई.”

“म्हटलं होतं. पण हे तुझ्या जिवाचं आहे, हे मी पोटात ठेवणार नाही.”

ती रडली नाही. चिडलीही नाही, आणि ते मला जास्त लागलं.

“मग तुमच्यात अन् सरांत फरक काय?”

फरक होता. मला तो तिला समजावून सांगता आला नाही. चौदा वर्षांच्या पोरीला एवढंच दिसत होतं की तिनं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू पुन्हा कुणीतरी बाहेर काढणार. मी म्हटलं, “माझं तोंड बघू नकोस पुन्हा. चालेल मला. तू पाहिजेस.” ती वळली आणि गर्दीतून घराकडे गेली. मागे बघितलं नाही. मी तिच्या मागं जाऊन मामीला बाजूला घेतलं, पोरीला एकटं सोडू नका, डोळ्यासमोर ठेवा, एवढं बजावलं. मामीला काहीच कळेना, पण माझ्या तोंडाकडे बघून तिनं मान हलवली. मग मी विचारत विचारत प्रियदर्शनीच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती तेव्हाच चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली. मामाच्या गल्लीच्या तोंडाशी मी थांबले, कारण मला बघून राजकन्येनं दार लावून घेतलं असतं.

महिनाभर मी प्रियदर्शनीला फोन केला नाही. करायची हिंमत नव्हती. मग एका बुधवारी, रिकाम्या प्रयोगशाळेत बसल्या बसल्या, नंबर लावला.

“कशी आहे ती?”

“उज्वलाताई, राग मानू नका. आहे, शाळेत येते, एवढंच सांगते. बाकी तुम्हाला काही कळवायचं नाही, अशी तिनं अट घातलीय. त्या अटीवरच ती बोलायला बसली. मी शब्द दिलाय.”

“दिलाय ना? मग मोडू नकोस,” मी म्हटलं. “मी कितीही विचारलं तरी.”

फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून पोटभर रडले. बोलत होती. कुणाशी तरी बोलत होती माझी पोर. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा मी उठून स्टूल जागेवर सरकवलं आणि बाहेर पडले.