माझ्या दातांवर लग्नपत्रिका

मी शिलाई मशीन बोलतेय. काळी, सोनेरी वेलबुट्टीची, पायाने चालणारी आणि वय झालं तरी अजिबात कुरकुर न करणारी. यातलं शेवटचं खोटं आहे. कुरकुर मी पुष्कळ करते, पण तेल मिळालं की विसरते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण रंग वाळतो न वाळतो तोच मला खोक्यात कोंबून ट्रकमध्ये चढवलं. उजेड दिसला तो थेट धुळ्याला, निर्मलकुमार शेठच्या दुकानात. शेठ जिभेवर साखर ठेवूनच दुकान उघडायचे. गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ताई, ही मशीन नाही, लक्ष्मी आहे." मी फुलून जायची. मग ते शेजारच्या मशीनवर हात ठेवून तेच म्हणायचे. त्या दुकानात आम्ही ओळीने लक्ष्म्याच उभ्या होतो.

मला नेलं लताबाईंनी. त्या घरी ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या हाताखाली माझी चाल बसली आणि सोबत गर्वही चढला. त्याचं कारण सांगते. सुईच्या बरोबर खाली मला दाते आहेत, बारीक, पोलादी. सुई वर गेली की हे दाते कापड धरून मागे सरकवतात. शिवणाऱ्या बाईला वाटतं, शिवतेय मी. खरं म्हणजे कापडाने कुठे जायचं ते मी ठरवते, आणि मला एकच दिशा ठाऊक: सरळ. बाईंनी जरा वाकडं ओढलं की मी दोरा तोडायची. माझा तेवढा दरारा होता.

लताबाईंची मुलगी दिपमाला हिचं लग्न अमळनेरजवळच्या एका खेड्यात झालं आणि टेम्पोत कपाट नि मिक्सरच्या मध्ये बसून मीही सासरी गेले. पहिले काही दिवस लोक मला पाहून गेले. नंतर मी टेबल झाले. दिपमालाच्या नवऱ्याचा, नवलचा चार्जर माझ्यावर. घडी न घातलेले कपडे माझ्यावर. टीव्हीचा रिमोट, पापडाचा डबा, औषधाची बाटली, ज्याला घरात जागा नाही ते "ठेव मशीनवर". एकदा मांजर माझ्या पायडलवर व्याली. तिची मात्र तक्रार नाही. त्या घरात मला टेबल न समजणारी ती एकटीच होती.

या घरात माझ्याकडे मुळीच न बघणारी एक व्यक्ती होती, दिपमालाच्या सासूबाई, तानुबाई. हाताने गोधडी घालावी तर तानुबाईंनी, असं अख्खं गाव म्हणायचं. त्या ओसरीत पाय पसरून बसायच्या आणि टाका असा एकसारखा पडायचा की मला, पोलादी दात्यांच्या मला, हेवा वाटायचा. दिपमालाने एकदा सुचवलं की कडा तरी मशीनवर मारू. तानुबाईंनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "हाई मशीन ते नुसती पयस. गोधडीले बसनं पडस." म्हणजे मी नुसती पळते म्हणे. चार पायांवर वर्षानुवर्षं एका जागी उभी असलेल्या मला असं म्हणणं हा अन्याय होता, पण बोलणार कोणाजवळ.

मग नणंदबाई, रत्ना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. या घराची एक रीत आहे. मुलीच्या पहिल्या बाळाला आईच्या आईने आपल्या लुगड्याची गोधडी करून द्यायची, आणि ती तिच्याच हातची हवी. बारशाला बायका आधी बाळ पाहत नाहीत, गोधडीचा कोपरा उलटून मागचे टाके पाहतात. तानुबाईंच्या पेटीत एकच नऊवारी उरलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बाकीच्या साऱ्या साड्या आता पॉलिएस्टरच्या, तान्ह्या अंगाला टोचणाऱ्या.

लुगडं पेटीतून निघालं, खाटेवर आलं आणि तिथेच पडून राहिलं. बारसं जवळ येत चाललं. तानुबाई रोज नवी सबब काढायच्या. आज उजेड नाही. आज दोरा कच्चा आहे. एक दिवस तर म्हणाल्या, "आजकालनी सुईले डोयाच नही ऱ्हास." म्हणजे सुईला नेढंच नसतं म्हणे. दिपमाला हसली नाही. तिने पाहिलं होतं की सासूबाई चहा आता बशीत ओतत नाहीत, कपाला दोन्ही हातांनी धरतात आणि पिऊन झाला की हात लगेच पदराखाली घेतात. त्यांचे हात थरथरायला लागले होते. घरात कोणी त्याविषयी बोलत नव्हतं, कारण त्याच बोलत नव्हत्या.

दिपमालानेही तो विषय काढला नाही. तिने मोबाइल काढला. चार्जर, रिमोट, कपडे उचलून माझ्यावर मोबाइल टेकवला आणि एक परदेशी बाई बोलू लागली. तिच्यासमोर एक पांढरी, गुळगुळीत, बटणांची मशीन होती, जिला बहुधा तेलाचा वासही माहीत नसावा. ती बाई मशीनवर गोधडी घालत होती, पण सरळ नाही. वेलांट्या, पानं, वळणं, वाटेल तिकडे. त्याला म्हणे फ्री मोशन म्हणतात. मशीनचे दाते बंद करून टाकायचे. सुई एका जागी वरखाली होत राहते आणि कापड दोन्ही हातांनी धरून आपण हवं तिकडे फिरवायचं.

तानुबाई खाटेवरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्या बाईले सासू नही का? फोनवर कसाले शिकाडस?"

मला तर घामच फुटला. दाते बंद म्हणजे माझं राज्य खालसा. मग आठवलं, दाते खाली पाडायचा खटका माझ्यात नाहीच, आणि मी निर्धास्त झाले. पण दिपमाला धुळ्याची. तिने शेजारच्या झुलालभाऊंच्या मुलाची जाड लग्नपत्रिका घेतली. वरचा गणपती कापून देव्हाऱ्यात ठेवला, त्याला सुईखाली कसं घालणार. खालचा तुकडा माझ्या दात्यांवर चिकटपट्टीने चिकटवला, सुईसाठी भोक पाडून. तेव्हापासून माझ्या तोंडावर "कृपया आहेर आणू नये" असं लिहिलेलं आहे. दरारा असलेल्या मशीनची ही दशा.

सुईशेजारी कापड दाबून धरणारा माझा पायही बदलावा लागतो, त्याजागी वेगळ्या जातीचा, कापडावर अलगद उड्या मारणारा. तो नवलने धुळ्याहून आणला. शेठ अजून प्रत्येक मशीनला लक्ष्मीच म्हणतात, असं त्याने घरी सांगितलं.

मी सूड घ्यायचं ठरवलं. दिपमाला चिंध्यांवर सराव करायला बसली की मी खालून दोऱ्याचा गुंता करून ठेवायची, पाखराच्या घरट्याएवढा. वरून सगळं ठीक, उलटं केलं की घरटं. तिने हात भराभर फिरवले की लांब ढांगा टाकायची, हात रेंगाळले की एकाच जागी टाक्यांची गाठ करून ठेवायची. कापड हातातून निसटतं म्हणून तिने नवलचे फवारणीचे कोरे हातमोजे घातले आणि रत्ना हसून हसून बाळाला दूध पाजायचं विसरली. दिपमालाची खरी अडचण निराळीच होती. माहेरी ब्लाउज शिवून शिवून तिचा हात माझ्यासारखाच झाला होता. वळण घ्यायला जायची आणि सरळ रेघ ओढायची. पोरगी मनातून हवालदिल झाली होती, पण उठत नव्हती.

चिंध्यांवरून ती जुन्या चादरीवर आली. दोन थरांच्या मध्ये कापूस घालायचा होता. विकतचा आणू म्हणाली तर नवलला ते झोंबलं. "घरना कापूस शे ना, मंग इकत कसाले लेवाना?" शेतातला कापूस घरीच सोलून, पिंजून आत पसरला. मी चार वळणं नीट गेले, आणि टक्. सुई मोडली. तिचं टोक उडून नवलच्या चहात पडलं. दुसरी सुई लावली, पुन्हा टक्. देवाशपथ, यात माझा हात नव्हता.

खाटेवरून हसू ऐकू आलं. तानुबाई कितीतरी दिवसांनी हसत होत्या. "सरकी शे ती. हातनी सुई बाजूथीन जास. तुनी मशीन आंधयी शे."

कापसात सरकीचे दाणे राहिले होते. ज्यांच्या घरी शेतातून कापूस येतो त्यांच्याच सुया अशा मोडतात. तानुबाई उठून आल्या, खाली बसल्या आणि कापूस चाचपून राहिलेले दाणे काढू लागल्या. हात थरथरत होते, पण त्या कामात पदराखाली घ्यायचे राहून गेले.

चादर कशीबशी पुरी झाली. आता लुगडं. दिपमालाने ते मागितलं तेव्हा तानुबाईंनी त्याच्यावर हात ठेवला.

"नही. त्याले तू सुई नको लावू. आजीना हात लागाले पाहिजे."

"मग आई, तुम्ही शिवा."

तानुबाईंनी लुगड्याची घडी उगीच उलगडली आणि पुन्हा घातली. मग हळूच म्हणाल्या, "मना हात थरथरतस वं पोरी. टाका पडतच नही."

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं. माझेही पोलादी दाते त्या वेळी पत्रिकेखालीच होते.

दिपमाला म्हणाली, "टाका मशीन पाडेल. तुम्ही नुसतं कापड फिरवा." आणि तिने त्यांना खांदे धरून माझ्यासमोर बसवलं. स्वतः खाली फरशीवर बसली आणि कणीक मळावी तसं माझं पायडल हातांनी दाबू लागली, म्हणजे मी सावकाश चालावं. वरून तानुबाई सांगायच्या, "चाल." मग, "थांब." पुन्हा, "चाल."

आधी चिंधीवर केलं. चिंधी त्यांच्या हाताखाली थरथरत इकडेतिकडे सरकली आणि सुई जागच्या जागी टाके टाकत राहिली. थोड्या वेळाने तानुबाईंनी पाहिलं. "हाई काय निंघनं? वाकडंतिकडं व्हई गयं."

दिपमाला खालून उठून आली आणि बघतच राहिली. नागमोडी, बारीक, कुठेही स्वतःला न ओलांडणारी रेघ. ती परदेशी बाई जी शिकवता शिकवता थकली आणि दिपमालाला जी शेवटपर्यंत जमली नाही, तीच रेघ. सरळ हाताला ती येत नव्हती, थरथरत्या हाताला सहज आली होती. दिपमालाने मोबाइलवरचं चित्र सासूबाईंसमोर धरलं. त्यांनी एकदा चित्र पाहिलं, एकदा चिंधी, आणि म्हणाल्या, "लुगडं आन."

मी एक शेवटची खोडी राखून ठेवली होती, ऐन वेळी दोरा तोडायची. नाही तोडला. त्यांची बोटं सुईच्या अगदी जवळ यायची आणि थरथरत लांब जायची. मी घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी जपून चालले.

भांडणं झालीच. दिपमाला म्हणे मध्यापासून सुरू करू, नाहीतर चुण्या पडतील. तानुबाई म्हणे गोधडी कडेनेच सुरू होते. कडेने सुरू झाली. मध्यावर आल्यावर एक मोठी चुणी पडली. दिपमाला उसवायला निघाली. तानुबाईंनी चुणीवरून तसंच शिवलं. "ऱ्हाऊ दे. सातपुडा शे तो."

बारशाच्या दिवशी बाळाला त्या गोधडीवर ठेवलं. धुरपदाबाई पुढे आल्या. गावातल्या गोधड्यांचं हायकोर्ट म्हणजे धुरपदाबाई. त्यांनी कोपरा उलटला, टाका पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हाई ते मशीननी शे."

तानुबाईंनी हात पदराखाली घेतले. मला वाटलं, संपलं. आता ही गोधडी पेटीत जाणार आणि तानुबाई पुन्हा कापडाला हात लावणार नाहीत.

धुरपदाबाईंनी कोपरा सोडला नव्हता. त्या अंगठा त्या नागमोडी रेघेवरून फिरवत राहिल्या, कडेपासून आत, सातपुड्यापर्यंत. मग त्यांनी वर पाहिलं, तानुबाईंच्या पदराकडे. पदर हलत होता. बराच वेळ हलत होता.

"नही," त्या म्हणाल्या. "हात तानुबाईनाच शे."

त्यांनी कोपरा नीट केला आणि बाळाच्या पायांवर ओढला. तानुबाईंनी पदरातून हात काढले, सगळ्यांसमोर, आणि नातीला उचललं.

आता माझी हकिकत थोडीच उरली. सकाळी दिपमाला ब्लाउज शिवायला पत्रिका काढते, दुपारी तानुबाई ती परत चिकटवायला लावतात. गावातल्या बायका लुगडी घेऊन येतात आणि ओसरीत नंबर लावून बसतात. मी दमते, पण कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर तानुबाई म्हणतील की नुसती पळते.

तुमच्या घरी कोणाचे हात थरथरू लागले असतील तर त्यांना "आता निवांत बसा" असं म्हणू नका. त्यांना माझ्यासारखीच्या समोर बसवा. तुम्ही खाली फरशीवर बसा, पायडल हातांनी दाबा, आणि वरून "थांब" असं ऐकू येत नाही तोवर थांबू नका.