दोन आट्यांवर उभी

"पोरगी गुणाची आहे गं, पण हिचा पाय घरात पडला आणि घरातल्या वस्तूंना पाय फुटले."

सासूबाई आपल्या लेकीला हे म्हणाल्या, तेव्हा त्यांना वाटत होतं की गॅरेजात त्या दोघीच आहेत. स्वयंपाकघरात बोललेलं हॉलपर्यंत जातं, म्हणून या घरातल्या खाजगी गोष्टी गॅरेजात, वॉशिंग मशीनच्या घरघरीच्या आडोशाला होतात. पण नवी सून माझ्या मागच्या चाकाशी वाकून, सांडलेले कपड्यांचे चिमटे गोळा करत होती. ती तशीच वाकून राहिली. दोघी गेल्यावर तिनं शेवटचा चिमटा उचलला आणि हळूच मला म्हणाली, "ऐकलंस ना?"

ऐकलं. ऐकण्याखेरीज गेल्या अकरा वर्षांत मी दुसरं केलंय काय? मी जीप बोलतेय. जुनी, चौकोनी, पत्र्याला पोपडे आलेली. माझ्या पोटात इंजिन आहे, पण बोलायची वेळ आली की या घरात माझी आणि तिची गत एकच.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पुढं एक, मागं एक, सगळ्या सारख्या. आईबापांनी ओळखलं नसतं, असते तर. तिथून मी एका सरकारी खात्यात नोकरीला लागले. नोकरीच म्हणायची: ठरलेली वेळ, ठरलेलं तेल, आणि साहेबांना उशीर झाला की खापर माझ्यावर. जिथं रस्ता नाही तिथं जायचं आणि रस्ता कुठून न्यायचा ते ठरवायचं, हे आमचं काम. रस्ता झाला की त्यावरून दुसऱ्या गाड्या मजेत जायच्या आणि मला पुढच्या दगडधोंड्यांत धाडायचे.

माझे ड्रायव्हर म्हणजे या घरातले बाबा. तेव्हा ते कुणाचेच बाबा नव्हते. बारीक मिशी, खाकी शर्ट आणि खिशात कायम एक फडकं. आठवड्यातून एकदा ते मला खोलून, पुसून, पुन्हा जोडायचे. माळावर गॅरेज कुठून येणार? म्हणून त्यांनी एक नियम केला होता. काढलेला नट खाली ठेवायचा नाही. जिथून काढला तिथंच हातानं दोन आटे फिरवून ठेवायचा. "माळावर पडलेला नट आणि तोंडातून पडलेला शब्द, दोन्ही परत मिळत नाहीत," असं ते म्हणायचे. सगळं काम झालं की मग पाना घेऊन एकेक घट्ट करायचे. वीस वर्षांत माझा एक नट हरवला नाही.

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. मी भंगारात निघाले, ते घरी निघाले, आणि जाताना मला लिलावातून घेऊन गेले. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोक रिटायर झाले की घड्याळ घेऊन घरी येतात. हे सवत घेऊन आले!"

सवत गॅरेजात राहिली. बाबांचे गुडघे धरले, मुलाचं शिक्षण निघालं, माझ्यावर ताडपत्री पडली. माझ्या मागच्या सीटवर एका मांजरीची तीन बाळंतपणं झाली. ताडपत्रीखाली दिवस-रात्र कळत नाही; घरात कोण रागावलंय ते मात्र दार आपटण्यावरून बरोबर कळतं.

मग मुलाचं लग्न झालं, आणि महिन्याभरात त्यानं ताडपत्री ओढली. तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. पण त्याच्या मनानं घेतलं होतं. मला नवी करायची, बाबांना शेजारी बसवायचं आणि बाबांनी आणि मी मिळून शोधलेल्या पठारावरच्या पहिल्या रस्त्यावर न्यायचं. रोज संध्याकाळी घरी आला की तो बाह्या सरसावायचा. बाबा स्टुलावर बसून सल्ले द्यायचे.

"बाबा, रंग काळा देऊ. चकाकी नसलेला. आणि पुढं विंच बसवू."

"विंच कशाला?"

"चिखलात अडकली तर स्वतःच दोर ओढून बाहेर येते."

"अडकायचंच कशाला? चालवता येत नसेल तर तसं सांग."

"आणि टायर बघा, कसले दणकट!"

"ट्रॅक्टरची लेक वाटेल ती," बाबा म्हणाले. पण हात टायरवरून फिरत होता.

मला म्हणाल तर सगळंच आवडत होतं. पोपडे खरवडले, खळग्यांत लांबीचा लेप भरला, पत्रा घासून गुळगुळीत झाला. अकरा वर्षांनी कुणी तरी माझ्याकडे दुरुस्त होण्यासारखी वस्तू म्हणून बघत होतं.

आणि मग वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. रविवारी बसवलेला कार्ब्युरेटर मंगळवारी जिन्याखाली बिस्किटांच्या डब्यात सापडला. चहाची गाळणी माझ्या पेट्रोलच्या नळीत अडकवलेली. पंख्याचा पट्टा सासूबाईंच्या उशाखाली! मुलगा डोकं धरून बसला. "अरे, मी स्वतः घट्ट केलं होतं हे." मग बायकोला म्हणाला, "आवरताना तू काही हलवलंस का गं?"

तिनं आधी बाबांकडे पाहिलं. ते फडक्यानं चष्मा पुसत होते. मग ती म्हणाली, "असेल."

एवढ्या एका "असेल"वर तिच्या नावावर सगळं जमा झालं. नणंद तर फोनवर विचारायची, "काय वहिनी, आज काय गायब?" ही हसायची. नव्या सुनेनं हसावं हेच बरं, हे तिनं बहुतेक माहेराहूनच शिकून आणलं होतं.

खरं काय ते तिला आणि मला माहीत होतं.

ती सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते. एक वाजता घरी येते. सासूबाई तेव्हा झोपलेल्या असतात. असंच एकदा तिनं गॅरेजाचं दार ढकललं, तर बाबा माझ्यावर वाकलेले. अंगात जुना खाकी शर्ट, बटणं एक घर चुकलेली.

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही कुणाकडे आलात?"

तिनं त्यांच्या चुकलेल्या बटणांकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथंच."

"बरं झालं. जरा तो बाराचा पाना द्या. उद्या सहाला साहेब निघणार. गाडी आजच खोलायला हवी."

तिनं पाना दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हा चौदाचा. बारा-चौदा कळत नाही आणि खात्यात घेतलं कुणी तुम्हाला?"

ती खळखळून हसली. या घरात आल्यावर मी तिला पहिल्यांदा तशी हसताना ऐकलं. मग ती स्टूल ओढून बसली आणि पाने देत राहिली. बाबा खोलत होते, पुसत होते, एकेक नट परत दोन आट्यांवर ठेवत होते. हात अजिबात कापत नव्हते. डोक्यातून निघून गेलेलं सगळं हातांत शिल्लक होतं.

असं रोज व्हायला लागलं. आणि एके दिवशी मध्येच ते थांबले. हातातल्या बोल्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सूनबाई, हे मी आता खोलतोय की जोडतोय?"

"खोलताय, बाबा."

ते पायरीवर टेकले. बराच वेळ बोट फिरवत राहिले त्या बोल्टावर. "त्याला सांगू नकोस, पोरी. त्याला कळलं की इथं कुलूप लागेल. इथं आहे तोवर मी थोडा तरी आहे."

तिनं मान हलवली. तिथंच ती अडकली.

त्यानंतर बाबा झोपायला गेले की ती यायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि बाबांनी सैल केलेलं सगळं घट्ट करायची. नवरा यायच्या आत. आधी तिचे हात सोलवटले, मग निबर झाले. कधी एखादी वस्तू वेळेत सापडायची नाही, आणि तेवढ्यावरून पुन्हा बोलणी. बाबा खोलायचे, ही आवळायची, नवरा पुढचं काम करायचा. तीन माणसं मला जोडत होती आणि त्यातल्या एकीलाच पुरतं माहीत होतं.

तरी मी होत आले. काळा रंग चढला, इंजिन खाकरून बोलायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी मुलानं पान्यावर उभं राहून चारही चाकं आवळली आणि जाहीर केलं, "परवा सकाळी पठार!"

ती घरात नव्हती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोन दिवस माहेरी गेली होती.

शनिवारी दुपारी बाबा आले. खाकी शर्ट, खिशात फडकं. त्यांनी माझी चारही चाकं सैल केली. वीसच्या वीस नट, प्रत्येक दोन आट्यांवर. मग समाधानानं माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि झोपायला गेले. चार वाजले. पाच वाजले. कुणी आलं नाही.

रविवारी सकाळी मुलानं किल्ली फिरवली आणि मी सुरू झाले. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. आपण दोन आट्यांवर उभ्या आहोत हे माहीत असून झाला. अकरा वर्षांनी दार पुरतं उघडं होतं आणि समोर उजेडाचा रस्ता होता. मागं सासूबाई डबा मांडीवर घेऊन, त्यांच्या शेजारी नणंद. पुढं बाबा, इस्त्रीच्या शर्टात.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. ती उतरली. हसत पुढं आली, बाबांकडे पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं. बाबांची आंघोळ झाली होती, केस विंचरलेले होते. पण नखांत काळं ग्रीस होतं. तिनं माझ्या चाकांकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. माझ्या इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? मग ती पुढं येऊन दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभी राहिली.

"वहिनी, फोटो नंतर!" नणंद ओरडली. "उन्हं चढतील!"

ती खाली बसली. पुढच्या चाकाचा नट दोन बोटांनी फिरवला, काढला आणि तळहातावर धरून नवऱ्यासमोर नेला.

इंजिन बंद झालं.

"मी परवा आवळलेत हे," तो म्हणाला. "परवा! कुणी हात लावला याला?" तो बायकोकडे बघत होता. मागच्या दोघीही तिच्याकडेच बघत होत्या. तिनं नट मुठीत मिटला.

"मी सैल केलेत," शेजारून बाबा शांतपणे म्हणाले. "दोन आट्यांवर आहेत, हरवणार नाहीत. साहेब आले की आवळतो." मग आपल्या मुलाकडे वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण साहेबांचे कोण?"

त्याचा हात किल्लीवरच राहिला. मांडीवरचा डबा सासूबाईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, जणू तो सांडेल. नणंद आधी रडली. तो मात्र उतरला, वळसा घालून बाबांच्या बाजूला आला आणि त्यांना हात देऊन उतरवताना म्हणाला, "मी नवा आहे खात्यात."

पुढं डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव घरात आलं. गॅरेजाला कुलूप लागलं. रोज दुपारी खाकी शर्ट दाराबाहेर येऊन उभा राहायचा. कडी वाजवायचा नाही, हाक मारायचा नाही. दाराच्या फटीतून मला त्यांच्या चपला दिसायच्या, तासन्‌तास.

मग एक गिऱ्हाईक आलं. डोंगरात गाड्या पळवणारा माणूस. तो माझ्या खाली सरपटला, हातोडीनं ठोकून बघितलं, म्हणाला, "हाडं पक्की आहेत हिची. महिन्याभरात हिला डोंगरकडे चढवीन." हे ऐकून माझ्या पत्र्यावर काटा आला असता, येत असता तर. मला जायचं होतं. मी चढावासाठी जन्मलेली आहे. कुणाच्या आठवणी सांभाळण्यासाठी नाही. हे सांगताना मला लाज वाटते, पण म्हातारपणी खरं बोलावं.

गेले नाही मी. आज मी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. टाकीत पेट्रोल नाही, बॅटरी काढलेली. नवे दणकट टायर जमिनीला टेकत नाहीत. माझा रस्ता संपला आणि तो कुणी संपवला तेही मला माहीत आहे. तिच्यावर मी रागावू बघते, जमत नाही. तुमच्याही घरी एखादी गोष्ट अर्धवट पडली असेल. ती पुरी करायची घाई करण्याआधी एकदा बघा, तिच्याशी रोज कोण येऊन बसतं. यापलीकडे माझं मागणं नाही.

मला विकायचं ठरलं त्या संध्याकाळी सगळे इथंच जमले होते. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ती. डोळ्यासमोर नसली तर विसरतील." मुलगा मान खाली घालून होता. नणंद म्हणाली, "वहिनी, तुला काय वाटतं?" बहुधा नुसतं विचारायचं म्हणून. सून दाराशी उभी होती. तिचा आवाज पहिल्या दोन शब्दांत कापला, मग कापला नाही. ती म्हणाली:

"विकू नका. आणि पुरीही करू नका. ठोकळ्यांवर घ्या, म्हणजे कुणाला इजा व्हायची नाही. तुम्ही संध्याकाळी जोडा, बाबा दुपारी खोलतील. तुम्हाला वाटेल सगळं वाया जातंय. जाऊ दे. मी त्यांना तीन महिने खोलताना बघितलंय आणि तुम्हाला सांगितलं नाही, त्यासाठी काय बोलायचं ते मला बोला. पण त्या वेळी ते हरवलेले नसतात, आई. आपण सगळे त्यांच्यासाठी हरवलेलो असतो, ते नसतात. कुलपाची किल्ली माझ्याकडे द्या. दुपारी मी घरीच असते."