बुटक्या टेबलाची खोटी साक्ष

बाकीची मुले टाळ्या वाजवतात, तेव्हा गौरी आपला डावा तळहात माझ्यावर सपाट टेकवते. पाचही बोटे सुटी, मनगट किंचित वर. टाळ्या थांबल्यावर एक श्वास जाईपर्यंत हात तसाच राहतो. मग ती तो उचलते.

मित्रांनो, मी अणदूरमधल्या एका घराच्या पुढच्या खोलीतले जुने, बुटके टेबल आहे. कडुलिंबाच्या फळ्यांचे. पूर्वी मी उंच होते. या घरचे शिंपी गुरुसिद्धप्पा माझ्यावर कापड बेतायचे. माझ्या कडेला त्यांनी इंचांच्या खाचा पाडल्या होत्या, आणि हे टेबल कधी खोटे बोलत नाही, असे ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे. पुढे तयार कपडे आले. शिवणकाम थांबले. सहा वर्षे माझ्यावर कांद्याची पोती पडून होती.

त्यांची सून अर्पिता रसायनशास्त्र शिकलेली. तिने पुढच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग काढला, तेव्हा गुरुसिद्धप्पांनीच करवतीने माझे पाय कापले. सुनेने आपल्याला रिकामे बसू दिले नाही, तसेच टेबलालाही, असे ते हसत म्हणाले.

तेव्हापासून माझ्यावर ऋतू येऊ लागले. श्रावणात मातीचे बैल. नवरात्रात पत्रावळीवर गहू पेरायचा आणि रोज माझ्या खाचांवर कोंब मोजायचे. थंडीत ज्वारीच्या धाटांच्या गाड्या. अर्पिताची एक पद्धत होती: आधी सांगायचे नाही, करून दाखवायचे. मुलांनी बघायचे आणि करायचे. गौरी यात सगळ्यांत पुढे. चार वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती, पण तिच्या बैलाची शिंगे कधी गळून पडली नाहीत. तिची आजी धुरपदाबाई गल्लीभर सांगायची, "पोरीचा बाप बी पाचव्या वर्षी बोलला. हात बघा तिचे, लई गुणाचे."

दिवाळीनंतर अर्पिताला शंका आली. गौरी माझ्यापाशी बसून रंगीत तांदूळ वेगळे करत होती. अर्पिता तिच्या मागे उभी राहिली आणि माझ्या कडेवर बोटाने टकटक केले. गौरीने मान वळवली. अर्पिताने वहीत लिहिले, 'ऐकते.' चार दिवस तिने तेच केले. चारही वेळा गौरी वळली.

मित्रांनो, ती टकटक गौरीने ऐकली नव्हती. ती माझ्यातून तिच्या तळहातात गेली होती. हे मला माहीत होते आणि सांगायला मला तोंड नव्हते. अर्पिता निर्धास्त झाली, आणि माझा जीव टांगणीला लागला. त्यानंतर गौरीचा हात माझ्यावर टेकला की मला तो नकोसा वाटायचा.

मग येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडे घरोघरची माणसे शेतात जातात, कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, करून पूजा करतात. आदल्या दिवशी अर्पिताने अंगणात पेंढ्यांची छोटी कोपी उभी केली. एकाने आत पाठमोरे बसायचे. बाकीच्यांनी फेरी मारून नावाने हाळी दिली की बाहेर यायचे. मला उघड्या दारातून सगळे दिसत होते. गौरीची पाळी आली. मुलांनी हाळी दिली. ती आली नाही. रुद्रेशने घसा बसेपर्यंत ओरडून पाहिले. मग तो म्हणाला, "बाई, ती रुसली असंल. म्या तिची बोरं खाल्ली."

अर्पिता वाकून कोपीत शिरली. गौरीच्या पाठीमागे तिने जोरात टाळी वाजवली. गौरी मातीत बोरे मांडत राहिली.

त्या दुपारी अर्पिताने वहीतल्या चार ओळी खोडल्या. पण बोलली नाही. गावात मुलीला एकदा शब्द चिकटला की निघत नाही, हे तिला ठाऊक होते. आपण डॉक्टर नाही, हेही. आणि आपल्याच करून दाखवण्याने हे इतके दिवस झाकले गेले, हे तिला सर्वांत जास्त खात होते. उद्या सांगू, असे ती रोज ठरवायची. दारात धुरपदाबाई दिसली की गौरीची मातीची चिमणी पुढे करायची.

मित्रांनो, जे मूल त्रास देत नाही त्याच्याकडेही नीट पाहत जा. मोडलेले टेबल करकरते, म्हणून लोक खिळा ठोकतात. शांत मुलाला लोक गुणी म्हणतात आणि पुढे जातात.

संक्रांतीला मुले मातीची सुगडी करत होती. धुरपदाबाई तिळगूळ घेऊन आली आणि दारातच बसली. जूनपासून पोरगी मोठ्या शाळेत, असे सांगताना तिचा आवाज जरा उतरला.

"बाया इचारत्यात, मुकी हाय का म्हनून. म्या म्हनलं, तोंड सांभाळा. अर्पिताबाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा त्यास्नी, तसं काय न्हाय म्हनून."

अर्पिता माझ्यापाशी बसली होती. आता हीसुद्धा हो म्हणेल, मला वाटले. एक खोटी साक्ष मी दिली. दुसरी ही देईल.

तिने हाताची माती पुसली.

"मावशी, गौरीला ऐकू येत नाही असं मला वाटतंय. मी आधी चुकले. सोमवारी सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं जायचं. मी तुमच्यासोबत येते."