खोड: नाही

हंबीररावांना या अदलाबदलीत मिळणार होतं एक कार्ड. एकतीस नंबर, बिरू पैलवान, चारी कोपरे शाबूत. त्या एका कार्डाबरोबर आल्बमच्या अकराव्या पानावरचा रिकामा खिसा भरणार होता, सांगलीतल्या छांदिष्ट मंडळाच्या प्रदर्शनात दाराजवळचं पहिलं टेबल मिळणार होतं, आणि शेजारच्या लालासाहेबांचं तोंड बंद होणार होतं. लालासाहेब जुनी नाणी जमवायचे आणि येता-जाता विचारायचे, "काय हंबीरराव, सत्तेचाळीसच का अजून? एक पैलवान लघवीला गेलाय वाटतं!" हा विनोद अकरा वर्षं चालू होता. बदल्यात हंबीररावांना द्यायचं होतं बारा नंबरचं एक कार्ड. शिवाय चमचाभर खळ, पण ती त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

या कार्डांची कुळकथा थोडकी आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मिरजेचा एक व्यापारी 'तालीम छाप' चहाच्या पुड्यात एकेका पैलवानाचं रंगीत कार्ड घालायचा. असे अठ्ठेचाळीस पैलवान. कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर चांदणी छापलेली असायची. असे वीस कोपरे कापून दुकानात दिले की पितळी पेला मिळायचा. बायाबापड्यांनी कात्री घेतली, सातारा-सांगलीत घरोघरी पेले झाले आणि पैलवान कोपऱ्याविना राहिले. जमवणारे लोक या कोपऱ्याला कान म्हणतात. कानकापी कार्डं पोत्यानं मिळतात, कानवालं एखादंच. त्यात बिरू पैलवान आणखी दुर्मीळ, कारण त्यानं कुठल्याशा मैदानात ध्वनिक्षेपकावर सांगितलं होतं की मी चहाला शिवत नाही, म्हशीचं दूध पितो. व्यापाऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात त्याची छपाई थांबवली.

तर हा बिरू वडूजच्या नानासोंकडे होता. नानासोंच्या आईनं तो ट्रंकेत जपून ठेवला होता, कारण बिरू तिच्या भावासारखा दिसायचा. नानासोंच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. मध्ये पंधरा वर्षं फौजेत काढलेली. हंबीररावांनी एकदा वर्तमानपत्रात 'तालीम छाप कार्डे हवीत' असं चार ओळींचं पत्र छापून आणलं, त्याला उत्तर आलं ते नानासोंचं. तेव्हापासून दोघांची कार्डं टपालानं यायची-जायची. शर्टाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून, मध्ये कार्ड, वर दोरा. एकमेकांचं तोंड दोघांनी पाहिलेलं नव्हतं. नानासोंकडे बटनांचा मोबाईल होता, पण त्यांचा भरवसा आंतरदेशीय पत्रावर.

नानासोंनी पहिल्याच पत्रात एक नियम घातला होता. "आमच्यात जनावर इकताना खोड आधी सांगायची, मग हात द्यायचा. लाथ मारतंय, तर मारतंय म्हनायचं. आपुनबी तसंच करू." तेव्हापासून प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली. खोड: मागं चहाचा डाग. खोड: डाव्या अंगाला उंदीर लागलाय. खोड: पोरानं मिश्या काढल्यात, पन मूळच्या मिशीवरच काढल्यात. अकरा वर्षांत या ओळीत कुणी थाप मारली नव्हती. त्यामुळे दोघांनीही पाकीट फोडून कार्ड तपासायचं सोडून दिलं होतं. ओळ वाचायची, कार्ड खिशात सरकवायचं.

आषाढात नानासोंचं पत्र आलं. एकतीस नंबर द्यायला ते तयार झाले होते, पण बदल्यात बारा नंबर हवा होता, आणि तो कानवालाच. बारा नंबर म्हणजे खंडू वस्ताद, नानासोंचे स्वतःचे वस्ताद. "फोटूत वस्ताद उजवा पाय म्होरं टाकून उभं हायत. कान कापला की नेमका त्यो पाय जातुया. नागपंचमीला तालमीत पूजा आसती. यंदा वस्तादांची तसबीर मांडायची म्हंतोय. हंबीरराव, पाया पडायला पाय तर पायजेत का न्हाई?"

हंबीररावांकडे बारा नंबरची तीन कार्डं होती. तिन्ही कानकापी.

आता हंबीरराव एका कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं पुस्तकं बांधून निवृत्त झालेला माणूस. वाळवीनं खाल्लेलं पान असं जोडायचे की प्राचार्यांना भिंग लावूनही सांधा सापडायचा नाही. त्यांनी तीन रात्री विचार केला असं ते स्वतःला सांगत, पण चौथ्या दिवशी सकाळी नऊलाच खळ शिजत होती. वीस नंबरचं एक जादा कानवालं कार्ड होतं. त्याचा कान कापला. त्यातही एक पाय होता, तांबड्या मातीत रोवलेला, जवळजवळ तेवढाच. कडा तासली, जपानी कागदाची पट्टी मागून लावली, वर वजन ठेवलं.

बायको, चंद्राबाई, चहा घेऊन आल्या आणि वाकून बघत राहिल्या. "अहो, हे काय? पैलवानाला पाय बसवताय?"

"दुरुस्ती आहे."

"कुणाचा पाय कुणाला?"

"तू चहा ठेव आणि जा बघू."

"ठेवते. पण पाहुण्याला सांगा हो, लंगडा होता म्हणून. नाहीतर पळवायला जाईल बिचारा."

हंबीररावांनी पत्र लिहायला घेतलं. 'खोड' लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि पेन थांबलं. 'दुरुस्त केलेले' एवढा एक शब्द पुरला असता. पण मग बिरू आला नसता. त्यांनी लिहिलं: नाही.

आठवड्यानं बिरू आला. नानासोंची ओळ होती: "खोड: मागच्या अंगाला आईनं हळदीचं बोट पुसलंय. लांबून दिसत न्हाई, जवळून दिसतंय." हंबीररावांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच कार्ड उलटून पाहिलं. बोट होतं. लांबून दिसत नव्हतं, जवळून दिसत होतं. त्यांनी कार्ड खिशात सरकवलं, आल्बम मिटला, आणि त्यांना वाटलं होतं तसा काही आनंद झाला नाही. होईल हळूहळू, असं म्हणून ते जेवायला बसले.

पुढचं पत्र नागपंचमीनंतर चौथ्या दिवशी हातात पडलं.

"खोड: माजी. हंबीरराव, तुमचं कार्ड माज्या हातून खराब झालं. माफी मागायला लिवतोय. माजी नात सोनम, एकोणीस वर्साची, आमच्याच तालमीत कुस्ती करती. आजवर बाईमानसाला आखाड्याच्या पूजेला हुबं करत न्हवते. यंदा मी भांडून तिच्या हातनं पूजा करून घेतली. तसबिरीला काच बसवायची ऱ्हायली हुती, कार्ड तसंच मांडलं हुतं. तिनं तांब्यातलं पानी शिंपडलं, आन सगळ्यांच्या म्होरं वस्तादांचा पाय गळून मातीत पडला. म्हातारी मानसं उठून गेली. म्हनाली, पोरीचा हात लागला आन वस्तादांनी पाय काडून घेतला. तिला तालमीत येऊ दीनात. येत्या रविवारी सातारला निवड हाय, अर्जावर तालमीचा शिक्का लागतोय, त्योबी आडवलाय. माजं नशीब. पन तुमी येवडं जपल्याली वस्तू मला सांबाळता आली न्हाई, ह्ये लय लागलं मनाला."

हंबीररावांनी पत्र दोनदा वाचलं. खळ पाण्यानं सुटते. ती सुटावी म्हणूनच बांधणीवाला खळ वापरतो, पुढच्या माणसाला चूक दुरुस्त करता यावी म्हणून. तेहतीस वर्षं नव्या पोरांना त्यांनी हेच शिकवलं होतं. फक्त कार्ड पूजेत मांडणार, म्हणजे पाणी शिंपडणार, एवढं त्या शहाण्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी मंगळवार होता. वडूजची गाडी रोज होती. फोन करायचा तर नंबर पाठ होता. बुधवारी हंबीररावांनी फोन उचलला आणि गॅसवाल्याला लावला. गुरुवारी ते एसटी स्टँडापर्यंत गेले, वेळापत्रक वाचलं, भजी घेऊन परत आले. कारण रविवारी निवड होती तसंच प्रदर्शनही होतं. आधी बोलावं तर एकतीस नंबर परत करावा लागेल, आणि पहिल्या टेबलावर रिकामा खिसा मांडून बसायचं कसं? सोमवारी जाऊ. चार दिवसांनी काय बिघडतंय. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, निवडी काय, दरवर्षी होतात.

रविवारी प्रदर्शनात लालासाहेब भिंग घेऊन आले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पैलवानांवरून त्यांनी नजर फिरवली आणि शेवटी मान डोलावली. "मानलं गड्या. आता मी बोलायचं तरी काय?"

अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते हे. हंबीरराव म्हणाले, "लालासाहेब, किती वाजले?"

"अकरा. का?"

"काही नाही." साताऱ्यात वजनं झाली असतील, जोड्या लागल्या असतील. खिशातलं आंतरदेशीय पत्र घामानं मऊ पडलं होतं.

सोमवारी ते विटा, मायणी करत वडूजला उतरले. नानासो अंगणात शेळीच्या पायाला औषध लावत बसले होते. उंच, वाळका माणूस, जाड चष्मा, दोन्ही कान कुस्तीनं चेचलेले. "कोन?"

"मी हंबीरराव. सांगलीचा."

नानासो उठले, धोतराला हात पुसले आणि पाहुण्याला सरळ मिठीच मारली. "आवं, आन सांगितलं न्हाई! सोनम, पानी आन. माजी खोड बघाय आला व्हय?"

सोनम पाणी घेऊन आली. खांदे भरलेले, चेहरा बंद. तांब्या ठेवून ती आत गेली. हंबीरराव पाणी प्याले नाहीत. त्यांनी पिशवीतून एकतीस नंबर काढला, नानासोंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "खोड माझी आहे. तो पाय मी चिकटवलेला होता. वीस नंबरच्या पैलवानाचा. तुमच्याकडे आला तेव्हापासूनच."

शेळी ओरडली. नानासोंनी वाकून तिच्या पायाला राहिलेलं औषध लावलं.

"मला दिसलं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"आठ वर्सं त्यो पाय चेपलाय मी. वस्तादांचा आंगठा वाकडा हुता. कार्डातला सरळ दिसला, तवा वाटलं ह्यो वस्तादांचा न्हवं. पन पत्रात तुमी लिवलं हुतं, खोड न्हाई. मग म्हनलं, आपलंच डोळं गेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन चष्मा बदलून आलो."

हंबीररावांनी त्या जाड, नव्या चष्म्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. "मी... मला माफ करा."

"मला सांगून काय उपेग? तालमीत चला. तितं सांगा."

ही गोष्ट हंबीररावांच्या बेतात नव्हती. त्यांच्या बेतात चार भिंतीतली माफी होती, एक कप चहा, आणि पाचची गाडी. पण नानासोंनी दंड धरला होता, आणि तो हात अजून पैलवानाचाच होता.

तालमीच्या ओट्यावर पाच-सहा म्हातारे बसलेले. त्यातले थोरले दादासो. हंबीररावांनी उभं राहून सगळं सांगितलं. कात्री, खळ, पट्टी, सगळं. संपल्यावर दादासोंनी तपकिरीची चिमूट ओढली.

"म्हंजे पोरीचा हात लागला म्हनून न्हवं?"

"नाही. पाणी लागलं म्हणून. तुम्ही शिंपडलं असतंत तरी पडला असता."

"आन पूजेच्या आदी आठ दिवस आमी कुनाच्या पायाला हात लावत हुतो मग?"

"वीस नंबरच्या."

"कोन वीस नंबर?"

हंबीररावांनी नाव सांगितलं. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकजण म्हणाला, "आरं, त्येला तर वस्तादांनी दोन मिंटात चीत केल्ता!" आणि सगळे हसायला लागले. हंबीररावांना हसणं सहन झालं नाही. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

दादासो हसता हसता थांबले. "आवं मास्तर, पन ह्ये शुक्रवारी येऊन सांगायचं हुतं. शिक्का हितंच हुता, ह्या खिशात."

"पत्र कवा मिळालं तुमास्नी?" नानासोंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला होता.

इथं पुन्हा 'खोड' आणि दोन टिंबांची तीच ओळ समोर आली. टपाल उशिरा पोचलं असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. हंबीरराव म्हणाले, "मंगळवारी."

नानासोंनी दंड सोडला.

घरी आल्यावर त्यांनी बिरूचं कार्ड उचललं, हंबीररावांच्या पिशवीत परत ठेवलं. "हात दिला की सौदा झाला. खोड मागनं निघाली म्हनून जनावर परत घेत न्हाईत आमच्यात. ठिवा तुमच्याजवळ." एवढं बोलून ते शेळीकडे गेले. पुन्हा या, असं म्हणाले नाहीत.

स्टँडपर्यंत सोनमनं गाडीवर सोडलं. वाटेत ती एकदाच बोलली. "आजोबा, तो कोपरा कापून दिला की काय मिळायचं?"

"वीस दिले की पितळी पेला."

"पेला?"

"हो."

स्टँडवर एसटी लागलेली होती. हंबीरराव म्हणाले, "पुढच्या वर्षी निवड होईलच की तुझी."

"पुढच्या वर्षी माझा वयोगट बदलतोय, मोठ्या गटात जावं लागेल," सोनम म्हणाली आणि गाडी वळवून गेली.

त्यानंतर हंबीररावांनी वडूजला तीन पत्रं टाकली, तिन्हींत पहिली ओळ खरी लिहिली. उत्तर आलं नाही. तर हिशेब असा: हंबीररावांकडे अठ्ठेचाळीस पैलवान आहेत, कुणी कानासकट, कुणी कानाविना, आणि अकराव्या पानाशी आल्बम आला की ते दोन पानं एकदम उलटतात. नानासोंकडे वस्ताद एका पायावर उभे आहेत, चष्मा नवा आहे, आणि पाकिटाची वाट बघायचं काम उरलेलं नाही. पण किंमत चुकती केली ती सोनमनं, एक अख्खं वर्ष मोजून. आणि तिला त्या अठ्ठेचाळीसातलं एकही कार्ड कधी नको होतं.