आधीच फेडलेला नवस

प्रयूनच्या छातीवर शाईने लिहिलेला क्रमांक घामाने पार ओघळला होता. शाळेच्या मंडपात तालुक्यातली एकवीस वर्षांची सगळी पोरं उघडीबंब बसली होती. एकेकाने डब्यात हात घालायचा. काळी चिठ्ठी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत. त्याचा थोरला भाऊ लाल चिठ्ठीने गेला, तो दक्षिणेच्या सरहद्दीवरून शवपेटीतच परत आला. आई लमाईला आता हा एकटाच उरला होता.

तसा प्रयून निर्धास्त होता. ताकियनच्या जुन्या झाडात वस्ती करून असलेल्या बाईला आईचा नवस बोलून झाला होता: काळी निघू दे, हिरवा रेशमी पोशाख चढवीन. फार पूर्वी तिचा नवरा लढाईवर गेला तो आलाच नाही, वाट बघून बघून ती मेली. फौजेचं नाव काढलं की तिचं माथं भडकतं, म्हणून पोरं तिच्याच पायाशी लोळण घेतात.

मंडपाभोवती बांधलेल्या दोराच्या पलीकडून आईने पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या शेजारी हिरव्या रेशमातली एक बाई उभी होती. त्या मरणाच्या उकाड्यात तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"आई, तो पोशाख कुठाय?"

"काल संध्याकाळीच चढवला."

"अगं, फळायच्या आधी?"

"मग काय! थोरल्याच्या वेळी नुसतं बोलले नि बसले. या वेळी म्हटलं, बाईला सबब नको."

"फळल्यावर फेडतात गं! आता ती मोकळी झाली. माझं काय देणं लागते ती?"

"गप रे, अभद्र बोलू नको."

त्याने पुन्हा पाहिलं, तर आईशेजारची जागा रिकामी होती.

त्याचं नाव पुकारलं. त्याने डब्यात हात घातला. आत त्याच्या बोटांवर आणखी कुणाची तरी बोटं आली, गार पडलेली, आणि त्यांनी एक चिठ्ठी नेमकी त्याच्या मुठीत दिली.

"लाल!" अधिकारी ओरडला. मागे आईने हंबरडा फोडला.

नोंदीच्या टेबलावरच्या सार्जंटने मान वर न करता विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही, साहेब."

सार्जंटने प्रयूनच्या खांद्यामागे पाहिलं. "मग ह्या कोण? त्यांना बाहेर थांबायला सांग. छावणीत बायकांना घेत नाहीत."

प्रयूनला मागे वळवेना. सार्जंट कान देऊन काहीतरी ऐकत होता, मग हसला.

"भलतीच हट्टी आहे रे. म्हणते, मागच्या वेळी मी घरी थांबले. या वेळी बरोबर येणार."