व्हॉल्व्हसमोरचं दार

बुधवारी, सोळा एप्रिलला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गारखेड्यातल्या एका सोसायटीत एक नंबरच्या फ्लॅटची बेल दोनदा वाजली. दारात सोमनाथ उभा होता. तो करमाडहून आला होता. त्याची बायको दीपमाला एकोणीस दिवसांपासून या फ्लॅटमध्ये राहत होती आणि ही गोष्ट दोघींनाच माहीत होती: दीपमालाला आणि फ्लॅटची मालकीण, तिची मैत्रीण वैदेही पाटोदकर हिला.

वैदेहीनं दाराच्या भिंगातून पाहिलं. दार उघडलं नाही.

सोमनाथनं आरडाओरडा केला नाही. दाराला तोंड लावून तो हळू आवाजात बोलला.

"दीपे, घरी चल. लोकाच्या घरात किती दिवस काढतीस?"

वैदेही भिंगापाशीच उभी राहिली.

"तू आतच हायेस. काल सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला भाईर आल्तीस. डोक्याला हिरवा पंचा गुंडाळला व्हता."

सहा वाजून चौदा मिनिटांनी तो निघून गेला. वॉचमनच्या वहीत त्याची नोंद नाही. वॉचमन त्या वेळी बी विंगच्या गच्चीवर टाकी बघायला गेला होता.

दीपमाला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डावं मनगट तिनं उजव्या हातात धरलं होतं. हे मनगट मागच्या दिवाळीत मोडलं. दवाखान्याच्या कागदावर 'घरात पाय घसरून' असं लिहिलेलं आहे. तो कागद आता वकीलबाईंकडे होता. येत्या चोवीस तारखेला, गुरुवारी, कोर्टात नवऱ्याविरुद्ध दीपमालाचा जबाब होता. याआधी दोनदा तिनं अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा सासरच्यांनी तिला शोधून, गाडीत बसवून नेऊन, तो मागं घ्यायला लावला होता. म्हणून वकीलबाईंनी या वेळी एकच अट घातली होती: चोवीसपर्यंत तू कुठं आहेस ते कोणाला कळता कामा नये.

"पंचा कालच गुंडाळला होतास?" वैदेहीनं विचारलं.

"कालच. केस धुतले व्हते."

"बाहेर कोण होतं?"

"कुणीच नाय. मी आधी भिंगातून बघितलं, मगच दार उघडलं."

वैदेहीनं दार किलकिलं करून समोर पाहिलं. जिन्याखाली लोखंडी व्हॉल्व्ह होता. त्याच्या वर, भिंतीला, कॅमेरा होता.

या सोसायटीला नळाचं पाणी आठव्या दिवशी येतं. पहाटे येईल की भर दुपारी, ते आदल्या दिवशीही कळत नाही. नळाची लाइन एक आणि विंग दोन. पाणी कोणत्या विंगच्या हौदात पडेल हे हा व्हॉल्व्ह ठरवतो. दोन वर्षांपूर्वी ए विंगमधल्या कोणीतरी तो आपल्याकडे फिरवला असा बी विंगचा आरोप होता. दोन बैठका झाल्या, एकीत खुर्ची उचलली गेली आणि शेवटी व्हॉल्व्हवर कॅमेरा बसला. त्याचं चित्र प्रत्येकाला फोनवर दिसेल असं ठरलं. चित्रात व्हॉल्व्ह मधोमध दिसतो. मागं वैदेहीचं दार दिसतं, पूर्ण, उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत.

त्या वेळी वैदेहीनं हरकत घेतली नव्हती. ठरावावर तिचीही सही आहे.

सव्वासात वाजता ती सोसायटीचे सेक्रेटरी तात्यासाहेब यांच्याकडे गेली. तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दीपमालाचं नाव न घेता तिनं सांगितलं की तिच्या दारातली गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत झाली आहे.

"बाहेरच्याला कशी दिसेल? आपल्या चोवीस फ्लॅटनाच आहे ते."

"यादी दाखवता?"

तात्यासाहेबांनी चष्मा लावून यादी उघडली. यादीत एक्केचाळीस फोन होते. काहींवर नावं होती, 'सारजा मावशी', 'कचरू टँकर', 'दूध'. नऊ फोनांवर नावाच्या जागी नुसता आकडा होता.

"हे नऊ कोणाचे?"

"असतील कोणाच्या सुना-जावयांचे. तो चौकोनी कोड मी व्हॉल्व्हच्या पेटीवर चिकटवून ठेवलाय. ज्यानं त्यानं स्कॅन करावा. प्रत्येकाच्या घरी जाऊन शिकवत बसू का मी?"

"म्हणजे जिन्यातून जाणाऱ्या कोणालाही मिळतो."

"मॅडम, नळ बघायचाय त्यांना, तुमचं दार नाही." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे बघा, कोपऱ्यात डोळा आहे ना, त्याच्यापुढचा आकडा म्हणजे आत्ता कितीजण बघतायत. सगळं उघड आहे."

आकडा सहा होता. पाणी शुक्रवारी यायचं होतं.

"आज पाणी नाही," वैदेही म्हणाली. "मग हे सहाजण काय बघतायत?"

"सवय." तात्यासाहेबांनी फोन खिशात ठेवला. "आणि लपवण्यासारखं नसेल तर माणसानं एवढं मनावर घेऊ नये."

"मग पुढचा कॅमेरा तुमच्या दारावर लावू."

"माझ्या दारात व्हॉल्व्ह नाही," तात्यासाहेब म्हणाले.

पासवर्ड बदलायची त्यांची तयारी होती, पण शुक्रवारचं पाणी झाल्यावर. आधी बदलला तर बी विंग म्हणणार, ए विंगनं चित्र बंद पाडलं.

आठ वाजता वैदेहीनं स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर रुमाल टाकला. अकराव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: 'कॅमेरा कोणी झाकला?' नंतर असेच आणखी चार आले. बी विंगमधून दोघंजण खाली उतरले. त्यातल्या एकानं रुमाल काढला, घडी केला आणि वैदेहीच्या दाराच्या कडीत अडकवला.

दुपारी ती चौकीत गेली. हवालदारानं सगळं नीट लिहून घेतलं.

"धमकी दिली का?"

"नाही."

"दार वाजवलं?"

"बेल वाजवली."

त्यानं 'बेल वाजवली' असं लिहिलं, सोमनाथचा पत्ता घेतला आणि पुन्हा आला तर लगेच फोन करायला सांगितलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या सारजाबाई जिन्यात भेटल्या. त्यांचं माहेर करमाडकडचं, हे वैदेहीला तोवर कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

"पाव्हणी लई दिवस ऱ्हायली वो तुमची."

"कोणती पाहुणी?"

"आता तीन आठवड्यापासून दोन पिशव्या दूध घेताय. आधी एकच घ्यायच्या. नवरा नाय, लेकरू नाय, एकटीला एवढं दूध लागतं व्हय?"

"तुम्ही पिशव्या मोजता, मावशी?"

"मोजत नाय बाई. दिसतं." सारजाबाईंनी फोन दाखवला. "पाण्यासाठी उघडलं की तुमचंच दार दिसतं. आता डोळे मिटून बघू का?"

"कोणाला बोललात?"

"मी कुणाला बोलंल?" सारजाबाई म्हणाल्या आणि मग फोन कमरेला खोचत, "घरच्या घरात बोलले असल."

गुरुवारी कचरू टँकर घेऊन आला. हौद कमी पडला की सोसायटी त्याला बोलावते. त्याच्या फोनात चित्र का, असं वैदेहीनं विचारलं तेव्हा तो लपवालपवी न करता बोलला.

"तात्यांनीच दिलं ना. पाणी आलं का नाय ते बघून मी गाडी भरतो. फुकट खेप कायकू मारायची?"

"फोन कोणाला दाखवतोस?"

"दाखवायचं काय त्यात, ताई? हॉटेलवर चहाला बसतो, फोन टेबलावर असतो. पोरं बघत्यात. कोण कुणाच्या दारात उभं ऱ्हायलं, कुणाचा कुत्रा व्हॉल्व्हवर मुतला. टाइमपास."

"कुठलं हॉटेल?"

"जालना रोडचं." त्यानं पाइप हौदात सोडला. "करमाडच्या अलीकडं."

"सोमनाथ नावाचा कोणी येतो तिथं?"

"करमाडात दहा सोमनाथ असतील. तुम्हाला कोणता पायजे?"

तो हसला. त्या हसण्यात काही होतं की नव्हतं, हे वैदेहीला ठरवता आलं नाही. शेवटच्या क्षणी तिनं आडनाव सांगायचं टाळलं, कारण सांगितलं असतं तर कचरूलाही ते कळलं असतं.

घरी आल्यावर तिनं दीपमालाला विचारलं, "तू कोणाला फोन केला होतास?"

दीपमाला साडीला फॉल लावत होती. साड्या गुलमंडीतल्या एका दुकानातून वैदेहीच आणून देत होती. सुई थांबली.

"माझ्यावर आलीस का आता?"

"सगळ्यांना विचारतेय."

"आईला केला व्हता. एकदा. तुझ्या फोनवरून नाय, पत्ता नाय सांगितला, तुझं नाव बी नाय. तिनं विचारलं, पाणी येतं का तिथं. म्हणलं, आठव्या दिवशी."

"बस?"

"बस. अर्ध्या शहराला आठव्या दिवशीच येतं की."

दीपमालानं दोरा दातानं तोडला.

"तुझ्या फोनात आहे का ते चित्र?"

"आहे."

"बघतीस?"

वैदेही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना ती रोज ते चित्र उघडत असे. दार बंद आहे ना, दीपमाला बाहेर पडली नाही ना, एवढंच बघायला. तिनं तसंच सांगितलं.

"मला सांगितलं नाहीस."

"तुझ्या काळजीपोटी बघत होते."

"त्यो बी काळजीच म्हणायचा," दीपमाला म्हणाली. "फोनात माझं लोकेशन चालू ठेवायला लावायचा."

त्या रात्री दोघींनी वेगवेगळ्या वेळी जेवण केलं.

शुक्रवारी अकरा वीसला पाणी आलं आणि पावणेदोनला गेलं. संध्याकाळी तात्यासाहेबांनी पासवर्ड बदलला, पेटीवरचा कोड खरवडून काढला आणि प्रत्येक फ्लॅटच्या एकाच फोनवर नवा पासवर्ड स्वतः टाकून दिला. यादीत चोवीस फोन उरले, सगळे नावानिशी. कचरू त्यात नव्हता. कॅमेरा फिरवायला मात्र बी विंगनं नकार दिला.

सोमनाथ पुन्हा आला नाही. शनिवारी आणि रविवारी सोसायटीच्या फाटकासमोर, रसवंतीच्या सावलीत, एक पांढरी गाडी उभी होती. तिचा नंबर जालन्याचा होता. रसवंतीवर गर्दी होती आणि गाड्या बऱ्याच होत्या.

वकीलबाईंनी दीपमालासाठी एका वसतिगृहात जागा पाहिली. ती सोमवारी रिकामी होणार होती. पत्ता त्यांनी दीपमालाला दिला.

"कुठं आहे?" वैदेहीनं विचारलं.

"नाय सांगत."

"मलाही?"

"तुला विचारलं तर तुला खोटं बोलावं लागंल. आणि तुला खोटं बोलता येत नाय." दीपमालानं पिशवीची चेन ओढली. एवढंच कारण आहे का, हे वैदेहीनं विचारलं नाही.

निघायची वेळ त्यांनी हिशोबानं काढली. कॅमेरा झाकला तर अकरा मिनिटांत सगळ्या सोसायटीला कळतं, म्हणून तो झाकायचा नाही. पाणी आता पुढच्या शनिवारी, सव्वीसला. सोमवारी दुपारी व्हॉल्व्हकडे बघण्याचं कोणालाच कारण नाही. शनिवारी आणि रविवारी तीन ते चार वैदेहीनं चित्र उघडून ठेवून पाहिलं. दोन्ही दिवस डोळ्यापुढचा आकडा एकच राहिला. तो एक म्हणजे तिचा स्वतःचा फोन. रिक्षा मागच्या फाटकाशी बोलावली. त्या बाजूला रसवंती नाही.

सोमवारी, एकवीस तारखेला, तीन वाजून वीस मिनिटांनी वैदेही आत खुर्चीवर फोन घेऊन बसली. आकडा एक होता.

"निघू?" दीपमालानं विचारलं.

"नीघ."

दार उघडलं. फोनच्या पडद्यावर, एका क्षणानं उशिरा, तेच दार उघडलं आणि दीपमाला बाहेर आली. हातात एकच पिशवी, डोक्यावरून पदर. व्हॉल्व्हपाशी ती थांबली आणि तिनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग ती चित्राबाहेर गेली.

आकडा दोन झाला.

वैदेही जिन्यापर्यंत धावली. मागच्या फाटकातून रिक्षा वळत होती. तिनं हाक मारली नाही. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही असं ठरलं होतं. परत येऊन फोन पाहिला तेव्हा तीन सव्वीस झाले होते आणि आकडा पुन्हा एक होता.

तिनं तात्यासाहेबांना फोन लावला. तीन तेवीसला दुसरं कोण बघत होतं, ते कळेल का?

"किती ते कळतं, कोण ते नाही," तात्यासाहेब म्हणाले. "मी नव्हतो. मी झोपलो होतो."

तिनं ते विचारलं नव्हतं.

समोरच्या रसवंतीपाशी तिनं चारला जाऊन पाहिलं. पांढरी गाडी नव्हती. ती किती वाजता गेली, हे रसवाल्याला सांगता आलं नाही.

पोहोचल्यावर दीपमालानं वसतिगृहातल्या फोनवरून वकीलबाईंना मिस्ड कॉल द्यायचा असं ठरलं होतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत तो आलेला नव्हता. तिचा फोन बंद होता. चोवीसपर्यंत फोन बंद ठेवायला वकीलबाईंनीच तिला सांगितलं होतं, आणि वसतिगृहात फोन करून तिचं नाव घ्यायचं नाही असंही त्यांनीच ठरवलं होतं. जबाब गुरुवारी अकरा वाजता आहे.