प्रश्नावली क्रमांक एकशे सतरा

मी एक प्रश्नावली. क्रमांक एकशे सतरा. चुरगळलेली असले तरी माझ्यावरचं एक अक्षरही मी कुणाला खोडू दिलेलं नाही, हे आधीच सांगते.

सोलापुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्या थोरल्या बहिणी तोवर रद्दी होऊन भज्यांच्या गाड्यावर गेल्या होत्या. बिचाऱ्या विचारायच्या, 'तुमचे नगरसेवक कसे आहेत?' लोक पाचपैकी पाच गुण देऊन मोकळे! साहेब लग्नाला येतात, मयतीला खांदा देतात. आणखी काय हवं? नगरसेवक लोकांची गरज सभागृहात मांडतात का, हे मोजायला निघालेल्या संशोधक संघप्रियाने कपाळाला हात लावला. मग तिने मला घडवलं. मी साहेबांचं नावच काढत नाही. एवढंच विचारते, 'तुम्हाला सगळ्यात आधी काय हवंय?' नंतर ते उत्तर सभागृहाच्या इतिवृत्ताशी ताडून बघायचं.

वस्तीतल्या मीनाबाईंच्या उंबऱ्यावर साहेबांचा कार्यकर्ता उदयसिंह आधीच हजर होता.

"लिवा की ताई, बाई समाधानी हाय म्हणून."

"तू गप," मीनाबाई म्हणाल्या. "मालक गेलं तवा सायबानं खांदा दिला, व्हय. त्ये इसरणार न्हाय मी. पर बायकांच्या संडासाला दार न्हाय. सून आत गेली की मी लुगड्याचा आडोसा धरून बाहेर उबी ऱ्हाते. लिव पोरी, दार."

संघप्रियाने शाईने लिहिलं, दार. उदयसिंहने मला हिसकावून मुठीत चुरगळलं. मीनाबाईंनी ती मूठ उघडायला लावली आणि मला गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केलं. तो खरखरीत हात मला फार आवडला.

इतिवृत्त चाळलं. पाच वर्षांत साहेब चौदा वेळा बोलायला उठले. नऊ वेळा स्वागतकमानीसाठी. दारासाठी एकदाही नाही.

"एका म्हातारीचं मत," संघप्रियाने हे दाखवल्यावर साहेब हसले. एका? आम्ही चारशे बहिणी आहोत, आणि एकशे साठ जणींवर दारच लिहिलंय!

परवा मीनाबाईंच्या नातवाचं बारसं झालं. साहेब आलेच. मीनाबाईंनी त्यांना पेढा दिला आणि संघप्रियाकडून मागून घेतलेली माझी प्रत हातात ठेवली.

"लग्नाला येताय, मयतीला येताय. आता सभेत ह्या दारासाटी बी उबं ऱ्हावा की."

साहेबांनी माझी घडी करून खिशात कोंबली. कोंबा. मूळ मी संघप्रियाच्या कपाटात ताठ आहे. माझं उत्तर साहेब बदलू शकत नाहीत, उदयसिंहही नाही. ते बदलेल फक्त सुतार.